बाहेरच्या माणसाला क्लबच्या बारमध्ये ड्रिंक द्यावी का? आधी बिल कुणाच्या नावावर फाटतंय ते बघा

प्रश्न विचारणारे गृहस्थ लिहितात की ते एका लहान खाजगी गोल्फ क्लबच्या कमिटीवर नुकतेच निवडून आलेत, नऊ होलचा कोर्स आहे, मेंबर दीडशेच्या आसपास, आणि बार दोन वर्षं तोट्यात चाललाय. कमिटीतले निम्मे म्हणतात की शनिवार-रविवारी गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या गेटवर थांबून विचारतात, त्यांना आत घ्या, चार पैसे सुटतील. बाकीचे निम्मे म्हणतात क्लब आपला आहे, बाहेरच्याला बारची पायरी पण चढू देऊ नका. आता मत कुणाच्या बाजूनं द्यावं असा त्यांचा प्रश्न आहे.

मी बावीस वर्षं क्लबच्या नोकरीत काढली, आधी हुबळीकडं स्टोअर कीपर, मग बेळगावात बार मॅनेजर आणि शेवटची काही वर्षं सेक्रेटरीच्या टेबलावर, त्यामुळं हा वाद मी किमान पाच कमिट्यांमध्ये ऐकलाय. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतायत. समोर बसलेला माणूस मेंबर आहे की नाही यावर सगळं ठरत नाही. तो कुणाचा पाहुणा आहे, ज्याचा पाहुणा आहे तो मेंबर त्याच्याबरोबर तिथं बसलाय का, आणि चिटवर, म्हणजे मेंबरच्या खात्यावर लागणाऱ्या बिलाच्या चिठ्ठीवर, सही कुणाची आहे, या तीन गोष्टींवर ठरतं. यजमान असेल तर आनंदानं द्या, नसेल तर कितीही मोठा माणूस असला तरी देऊ नका.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आमच्याकडं वेगळं आहे. पहिलं म्हणजे लायसन्स. कर्नाटकात क्लबला मिळतं ते सीएल-४, रेस्टॉरंट-बारचं सीएल-९, लॉजिंगवाल्या हॉटेलचं सीएल-७, लष्करी कॅन्टीनचं सीएल-८. ही नुसती नंबरांची गंमत नाही, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं धरलेलं आहे. सीएल-४ हे क्लबच्या मेंबरांसाठी आहे, रस्त्यावरून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नाही. पाहुण्यांबद्दल तुमच्या लायसन्सच्या अटींत काय लिहिलंय आणि बायलॉजमध्ये, म्हणजे क्लबच्या नियमावलीत, काय लिहिलंय हे दोन्ही कागद शेजारी ठेवून एक एक ओळ वाचा. मी सांगतो म्हणून किंवा शेजारचा क्लब करतो म्हणून धरून चालू नका. दुसरं म्हणजे जमीन. कोर्सची जागा लीजवर असेल, त्यातून सरकारी किंवा कॅन्टोन्मेंटची असेल, तर लीजमध्येच व्यापारी वापराला बंदी असू शकते, आणि बाहेरच्याला पैसे घेऊन दारू देणं हा व्यापारच झाला. तिसरं, क्लब महापालिका हद्दीत आहे की पंचायतीच्या, हायवेपासून किती लांब. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा नियम लावला, पुढं मार्च २०१७ मध्ये वीस हजारांच्या आतल्या वस्तीला तो २२० मीटर केला, ते सगळं तुम्हाला नवीन काही काढायचं झालं की आडवं येणार.

एवढं सांगून मूळ मुद्द्यावर येतो.

क्लब म्हणजे भिशीसारखा प्रकार आहे. भिशीत पैसे घालणारे तेच आणि उचलणारेही तेच, म्हणून त्यात नफा कुणाला झाला असं कुणी म्हणत नाही. क्लबच्या हिशेबाला कोर्टानं हेच तत्त्व लावलंय, त्याला म्युच्युअॅलिटी म्हणतात. कलकत्ता क्लबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१९ ला म्हटलं की क्लब मेंबरांना जे खाणंपिणं पुरवतो ती विक्री धरता येत नाही, कारण माणूस स्वतःच स्वतःला विकू शकत नाही. पण त्याच कोर्टानं २०१३ मध्ये बँगलोर क्लबला सांगितलं होतं की तुम्ही बँकेत ठेवी ठेवून व्याज मिळवलं तिथं ही भिशी तुटली, पैसा बाहेरच्या व्यवहारात गेला, टॅक्स भरा. म्हणजे बघा, नुसत्या ठेवीच्या व्याजानं जर भिशी तुटते, तर रविवारी गोव्याला चाललेल्या गाडीतल्या चौघांकडून रोख पैसे घेऊन बीअर दिल्यावर काय राहणार? तो पैसा सरळ धंद्याची कमाई. त्याचा वेगळा हिशेब, वेगळा टॅक्स, आणि एकदा इन्कम टॅक्सवाल्यांनी ते पान उघडलं की बाकीची पानंही ते वाचणारच. तुमच्या सीएला हे विचारल्याशिवाय ठराव करू नका.

पण खरं सांगायचं तर टॅक्स आणि लायसन्स ही दोन कारणं मला दुय्यम वाटतात. मला यजमान का हवा ते एका सकाळनं शिकवलं.

पावसाळा होता. त्या क्लबचं नाव सांगत नाही, मी तेव्हा तिथं बार मॅनेजर. संध्याकाळी एक मेंबर एका तरुण पोराला घेऊन आले, गेस्ट बुकात स्वतःचा मेंबर नंबर टाकला, अर्धा तास बसले आणि घरी गेले. जाताना बारमनला म्हणाले, "ह्याला काय पायजे ते दे, माझ्या खात्यावर घाल." पोरगा एकटाच बसून राहिला, बारमननं सांगितल्याप्रमाणं देत राहिला, साहेबांचा माणूस म्हटल्यावर तो बिचारा काय बोलणार. पोरगा मोटारसायकलवरून वेंगुर्ला रोडनं चंदगडकडं निघाला आणि हिंडलगा सोडून सुळग्याच्या अलीकडं घसरून पडला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्याचे वडील क्लबच्या गेटवर. पांढरी टोपी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, भांडायला आलेले नव्हतेच. मला एवढंच विचारलं, "साहेब, माझ्या पोराला हितं कोण घेऊन आलं हुतं?" मी गेस्ट बुक उघडलं तर त्यात नुसता नंबर, नाव नाही, किती वाजता गेला ते नाही. नंबरावरून मेंबर मला माहीत होते, पण कमिटीनं सांगितलं होतं नाव सांगायचं नाही, पोलिसांत जाईल. मी त्या माणसाला उत्तर दिलं नाही. ते पाकीट काखेत धरून परत गेले. ही गोष्ट मला आजही टोचते आणि त्या दिवसापासून मी ज्या ज्या क्लबात गेलो तिथं पहिला नियम हाच केला की यजमान उठला की पाहुण्याचा बार बंद. मेंबरला घाई असेल तर पाहुण्यालाही बरोबर घेऊन जा, नाहीतर दोघंही बसा.

म्हणून मी कमिटीवाल्यांना सांगतो की पाहुणा म्हणजे सूट नाही, ती मेंबरनं घेतलेली जबाबदारी आहे. घरी कुणी जेवायला आलं तर आपण त्याला ताटावर सोडून बाहेर जातो का?

आता गोल्फ क्लबाचं म्हणून एक वेगळं आहे ते "बाहेरच्याला पायरी नको" म्हणणाऱ्यांनी ऐकावं. गोल्फ चौघांत खेळतात, अठरा होलला चार तासांच्या वर जातात, तुमचा नऊ होलचा कोर्स दोनदा फिरलात तरी तेवढेच. चौघांत एखादा कोल्हापूरचा व्याही असतो, एखादा हुबळीचा डॉक्टर असतो, उन्हात एकत्र चालून आल्यावर तिघांच्या हातात ग्लास आणि चौथ्याला सांगायचं की तुम्ही पाणी प्या, हे कुठल्याही घरात शोभत नाही. खेळून झाल्यावर बसणं हा खेळाचाच भाग आहे, गोल्फवाले बारला एकोणिसावं होल म्हणतात ते उगाच नाही. आणि क्लब वाढायचा तर बाहेरची माणसं आत यायलाच हवीत. आपल्याकडं २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला शिमोग्याच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, तेव्हा कित्येक बेळगावकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या गावात एवढा मोठा गोल्फ कोर्स आहे. खेळाची ओळख लोकांना अशी होत असेल तर आपलं काहीतरी चुकतंय. तेव्हा कोर्स उघडा, पोरांना शिकवा, ग्रीन फी, म्हणजे एका खेळापुरती कोर्सची फी, घेऊन बाहेरच्याला खेळू द्या. बार मात्र यजमानाच्या मागूनच उघडायचा.

ग्रीन फी भरून एकटा खेळायला आलेल्याचं काय, हा पुढचा प्रश्न. इथं सगळ्यात जास्त पळवाटा निघतात. काही क्लब बारच्या काउंटरवरच दोनशे-तीनशे रुपयांत "एक दिवसाची मेंबरशिप" फाडतात, पावतीपुस्तक ग्लासाशेजारीच. हे करू नका. मेंबर हा खराखुरा मेंबर असला पाहिजे, दारात पाच मिनिटांत बनवलेला नाही. इंग्लंडमध्ये क्लबवाल्यांसाठी २००३ च्या लायसन्सिंग कायद्यात साधी युक्ती आहे, मेंबरशिपसाठी नाव आल्यापासून निदान दोन दिवस गेल्याशिवाय त्याला मेंबरचे हक्क द्यायचे नाहीत, आणि क्लबला किमान पंचवीस मेंबर हवेत. दोन दिवस म्हटलं की नुसता प्यायला आलेला माणूस आपोआप गळतो. आपल्याकडं हा नियम नाही, पण बायलॉजमध्ये टेम्पररी मेंबरशिपचं कलम असेल तर त्यात ही मुदत घालायला कुणी अडवलेलं नाही. जनरल बॉडीत ठराव करा, सोसायटी म्हणून नोंदणी असेल तर जिल्हा रजिस्ट्रारकडं बायलॉजची दुरुस्ती दाखल करा. दुसऱ्या गावच्या क्लबशी करार असेल, म्हणजे तिथला मेंबर इथं चालतो, तर त्याचं कार्ड आणि त्याच्या क्लबचं पत्र बघून नोंद करायची, तोंडी ओळखीवर नाही.

टूर्नामेंटला शंभर माणसं बाहेरची येतात, स्पॉन्सरचे लोक येतात, तिथं प्रत्येकाला यजमान कुठून आणणार? त्या दिवसापुरतं वेगळं प्रासंगिक लायसन्स, सीएल-५, काढायचं. अर्ज आदल्या दिवशी घेऊन पळू नका, निदान पंधरा दिवस आधी अबकारी खात्यात जा. लॉनवर लग्नाचं रिसेप्शन देत असाल तर तिथंही हेच, आणि तो स्टॉक क्लबच्या स्टॉकात मिसळायचा नाही.

सीमाभागात राहतो म्हणून दोन-तीन गोष्टी आपल्यालाच सांभाळाव्या लागतात, बंगळूरच्या क्लबवाल्यांना त्याची कल्पनाही नसते. महाराष्ट्रातला पाहुणा येतो तो परमिटच्या सवयीचा असतो, तिकडं प्यायला परमिट लागतं आणि हार्ड ड्रिंकला वय २५. आपल्याकडं पिणाऱ्याला परमिट नाही, म्हणून तो समजतो इथं सगळं मोकळं आहे. वयाबाबत मी २१ च्या खाली कुणालाही देऊ देत नव्हतो, मेंबरचा मुलगा असला तरी. मग गोव्याहून परत येणारा पाहुणा डिकीतली बाटली काढतो आणि म्हणतो, "आमची आमच्याकडं हाय, तुम्ही नुसता सोडा-बर्फ द्या की ओ." ती बाटली टेबलावर आली की तुमचं लायसन्स धोक्यात, कारण आपल्या क्लबातला प्रत्येक थेंब केएसबीसीएलच्या, म्हणजे दारू पुरवणाऱ्या कर्नाटक सरकारच्या कंपनीच्या डेपोतून, इथला कर भरून आलेला पाहिजे. मी बारमनला सांगून ठेवलं होतं की वाद घालायचा नाही, बाटली परत गाडीत ठेवायला सांगायची आणि गाडीत जाईपर्यंत ग्लास द्यायचा नाही. ड्राय डेचंही तसंच, गणपती विसर्जनाचा आपला आदेश वेगळा, आणि महाराष्ट्रात मतदान असलं की सीमेलगतच्या भागात आपल्याकडंही बंदी लागू शकते. डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसचा आदेश नोटीस बोर्डावर लावा, व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

आणि डिसेंबर. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की गावातली हॉटेलं भरतात आणि क्लबाचे फोन वाजायला लागतात, अमक्या साहेबांचे पीए आहेत, तमक्यांचे पाहुणे आहेत, फक्त तासभर बसतील. तुमच्या क्लबालाही हे येणार. मेंबर बरोबर येऊन बसत असेल, सही करत असेल तर या, स्वागत आहे, नाहीतर नाही. हा "नाही" बारमनला म्हणायला लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. महिन्याला ठराविक पगार घेणारा तो पोरगा, त्याच्यासमोर चार मोठी माणसं उभी राहिली तर तो काय करणार? आणि धाड पडली तर काउंटरमागं उभा असलेला तोच सापडतो. नियम छापून काउंटरवर लावा, खाली सेक्रेटरीची सही आणि मोबाईल नंबर, म्हणजे तो नुसतं बोट दाखवेल.

खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडी पोरांबद्दल एक वेगळं सांगतो, तेही मेंबर नाहीतच. टूर्नामेंट संपली की काही मेंबर खुशीत कॅडींना बक्षीस म्हणून क्वार्टर हातात देतात. कृपा करून हे बंद करा. पैसे द्या, यूपीआय करा, घरी जाईल ते. मी असल्या दोन घरांतल्या बायका क्लबच्या गेटवर पगार मागायला आलेल्या बघितल्यात.

राहिला तोटा, जिथून हा सगळा विषय निघाला. दोन वर्षं बार तोट्यात आहे म्हणता, पण मेंबर कमी पितात म्हणून की माल कुठंतरी गळतोय म्हणून? आधी हे शोधा. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे पंचवीस पेग निघतात. एक महिना रोज रात्री बार बंद होताना उघड्या बाटल्या मोजून बिलांशी ताडून बघा. पंचवीसच्या जागी तेवीसच पेगांची बिलं असतील तर आठ टक्के माल हवेत गेला, आणि तुमचा मार्जिन तसाही फार नसतो. हात सैल असलेला बारमन, मेजर, म्हणजे मापाचा कप, न वापरता ओतलेला पेग, कमिटीच्या मीटिंगनंतरच्या "घरच्या" बाटल्या ज्यांची चिटच फाटत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उधारी. एका क्लबात मी मेंबरांच्या थकलेल्या चिटांचा गठ्ठा काढला, रबरबँड कुजून कागदाला चिकटला होता, त्यातल्या काही सह्या ज्यांच्या होत्या ते देवाघरी गेलेले. तिथंही कमिटी हेच म्हणत होती की बाहेरच्यांना आत घेऊया. आम्ही नव्वद दिवसांच्या वर थकबाकी असलेल्याची सही बंद केली, मेजर सक्तीचा केला, कमिटीचीही चिट फाडायला लावली, आणि पुढच्या लायसन्स रिन्यूअलपर्यंत, म्हणजे आपलं अबकारी वर्ष जून अखेर संपतं तोवर, बार स्वतःच्या पायावर उभा राहिला. एकही बाहेरचा माणूस आत न घेता.

हे करूनही तोटा राहिला आणि कमिटीला खरंच बाहेरचं गिऱ्हाईक हवं असेल तर चोरून नको, उघड करा. वेगळं रेस्टॉरंट, वेगळं दार, त्याला लागेल ते लायसन्स, वेगळे हिशेब, आणि आधी मेंबरांची मंजुरी. मग तो क्लब राहत नाही, हॉटेलधंदा होतो, आणि तो चालवायला हॉटेल चालवणारा माणूस लागतो. दीडशे मेंबरांच्या क्लबानं त्यात पडू नये असं माझं मत.

तुमच्या ठरावासाठी थोडक्यात: मेंबर स्वतः हजर असेल तोवरच पाहुण्याला ड्रिंक, चिट मेंबरच्या खात्यावर आणि सही त्याचीच, पाहुण्याकडून रोख किंवा यूपीआय काहीही घ्यायचं नाही. एका मेंबरमागं एका वेळी तीनच पाहुणे, आणि एकच पाहुणा महिन्यात चारदा आला तर त्याला मेंबरशिपचा फॉर्म द्या. गेस्ट बुकात मेंबरचं पूर्ण नाव, पाहुण्याचं पूर्ण नाव, गाव, फोन, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ, मेंबरच्या स्वतःच्या अक्षरात. गाडी कोण चालवणार हा एक रकाना मी स्वतः वाढवला होता. सुरुवातीला लोक रागावले. पण रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे हे रकान्याखाली छापल्यावर मेंबर स्वतःहून ड्रायव्हरचं नाव लिहायला लागले.

आणि रविवारी गेटवर थांबणाऱ्या त्या गोव्याच्या गाड्या. त्यांना हाकलू नका, बाहेर ऊन असतं, गाडीत लहान पोरं असतात. गेटजवळ हाफवे हाऊससारखी, म्हणजे कोर्सवर अर्ध्या खेळात थांबायची टपरी असते तशी, छोटी कॅन्टीन टाका, चहा, लिंबू सोडा, गरम भजी, स्वच्छ संडास, तिथून ग्रीन दिसतं तेवढं दिसू द्या. त्यांनी बीअर विचारली तर वॉचमननं एवढंच सांगायचं की बार मेंबरांचा आहे, आणि चोर्ल्याचा घाट अजून पुढं आहे, चहा घेऊन जावा.